ठसका लागला होता का?

स्टीलच्या किडनी ट्रेमध्ये शेंगदाण्याची पाकळी पडली की बारीकसा 'टक्' आवाज होतो. तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नसतं. आवाज झाला की सिस्टर "निघाला" म्हणतात आणि सर्जनचे आखडलेले खांदे सैल झालेले मागून बघणाऱ्यालाही कळतात. मी मात्र गप्पच असते. बाळाला जागं करायचं काम अजून बाकी असतं.

मी भूलतज्ज्ञ. गेली सव्वीस वर्षं मिरजेत हेच काम करते. मिरज जसं तंतुवाद्यांचं गाव तसंच दवाखान्यांचं. सांगली-सोलापूरकडून, आणि पलीकडे कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडूनही पेशंट इथे येतात. त्यांत श्वासनलिकेत काहीबाही अडकलेली लहान मुलं किती आली, ते मी कधी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. पण ती कधी जास्त येतात ते न मोजताही सांगते: भुईमूग निघाला की, दिवाळीचा फराळ डब्यांतून बाहेर आला की, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. बहुतेक सगळी एक ते तीन वर्षांमधली. पायात नुकतं बळ आलेलं असतं आणि जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून ओळखायची असते, ते वय.

बाकीच्या ऑपरेशनात सर्जन पोटाशी किंवा पायाशी असतो आणि मी डोक्याशी. आमच्या हद्दी ठरलेल्या. इथे दोघांनाही एकच वाट लागते, आणि ती वाट म्हणजे जेमतेम त्या मुलाच्या करंगळीएवढी नळी. कान-नाक-घशाचा सर्जन तिच्यातून ब्राँकोस्कोप नावाची धातूची सरळ नळी आत घालतो, त्या नळीत दुर्बीण आणि लांब चिमटा. तिच्याच बाजूला असलेल्या तोंडातून मी प्राणवायू आणि भूल सोडते. भूल कमी पडली तर पोर खोकणार, जास्त झाली तर श्वास थांबणार. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची टिकटिक कानात असते. रक्तातला प्राणवायू उतरला की तिचा सूरही खाली उतरतो. मला गाणं कळत नाही, पण तो उतरलेला सूर मी झोपेतही ओळखीन.

एकदा चिमट्यात धरलेला दाणा वर आणता आणता स्वरयंत्राच्या खालीच निसटला. तिथे वाट सगळ्यात अरुंद. आतापर्यंत दाणा एका बाजूच्या नळीत होता, दुसरं फुप्फुस तरी चालत होतं. आता दोन्हींच्या तोंडावरच बूच बसलं. सूर खाली, खाली, आणखी खाली. सर्जनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि अर्ध्या तासाच्या खटपटीने वर आणलेला तो दाणा त्यांनी नळीनेच पुन्हा आत, उजव्या बाजूला ढकलून दिला. डावं फुप्फुस उघडलं. सूर चढला. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा. ते पोर आता कॉलेजात असेल. त्याच्या आईवडिलांना "थोडा वेळ लागला" एवढंच आम्ही सांगितलं.

शेंगदाणाच का, असं लोक विचारतात. चौदा-पंधरा महिन्यांच्या मुलाच्या तोंडात बघा. पुढे चार-सहा दात लखलखतात. कातरायची सोय झाली आहे, दळायचं जातं अजून बसायचंय. पहिल्या दाढा वर्षा-दीड वर्षाच्या सुमारास डोकावतात, मागच्या दोन-अडीचपर्यंत. दाढा आल्या तरी नीट चावून, घोळवून, मगच गिळायचं हे शिकायला आणखी एक-दोन वर्षं जातात. तोवर दाणा पुढच्या दातांनी दुभंगतो आणि गुळगुळीत पाकळी जिभेवरून मागे घसरते. नेमकं तेव्हाच पोर हसलं, रडलं, दचकलं किंवा पळता पळता पडलं तर ते आत श्वास ओढतं. गिळताना श्वासाच्या वाटेवर जे झाकण पडतं ते उघडं राहतं, आणि दाणा चुकीच्या वळणाला लागतो. 'जेवताना बोलू नये' हा जुन्या माणसांचा दंडक मला लहानपणी जाचक वाटायचा. आता वाटत नाही.

आत गेलेला दाणा स्वस्थ बसत नाही. तो ओलावा धरतो, मऊ पडतो, त्यातलं तेल आतल्या नाजूक त्वचेला झोंबतं, भोवती सूज येते. श्वास आत घेताना नळ्या जरा फुगतात, म्हणून दाण्याच्या कडेने हवा आत शिरते. सोडताना त्या आवळतात आणि हवा आत कोंडते. एका बाजूनेच उघडणारी झडप. त्या बाजूचं फुप्फुस फुगत जातं किंवा पुढे पुढे मिटून जातं. आणि एवढं सगळं घडत असताना एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही. नाणं दिसतं, पिन दिसते, खिळा दिसतो. दाणा, फुटाणा, सीताफळाची बी, प्लॅस्टिकची शिट्टी यांतलं काही दिसत नाही. फुगलेल्या बाजूवरून ओळखायचं, तर श्वास सोडल्यानंतरचा एक्स-रे लागतो. वर्षाच्या मुलाला "श्वास सोड आणि थांब" सांगून बघा. आमचे टेक्निशियन मामा पोराच्या रडण्याकडे कान लावून बसतात आणि हुंदका संपला की बटण दाबतात. दर वेळी साधतंच असं नाही.

एका जर्मन शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा 1897 साली फ्रायबुर्गच्या गुस्टाव्ह किलियानने नळी घालून काढला आणि ही विद्या सुरू झाली. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलियर जॅक्सनने ती इतकी पुढे नेली की रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजारांहून जास्त वस्तू त्याने जपून ठेवल्या. तिथल्या म्युटर म्युझियममध्ये त्या ड्रॉवरमध्ये लावलेल्या आहेत, टाचण्या, गुंड्या, नाणी, खेळण्यांचे तुकडे. मी फक्त फोटो पाहिलेत. आमच्याकडे तसा संग्रह केला असता तर बरेचसे ड्रॉवर वाण्याच्या दुकानातल्यासारखे दिसले असते.

पण मला सांगायचंय ते दाण्याबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त.

जत तालुक्यातल्या एका वाडीवरून चौदा महिन्यांचं एक पोर आलं होतं. तीन आठवडे खोकला. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, फायलीवर 'बाळदमा' लिहिलेलं, रोज वाफारा चाललेला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला हवा कमी, बारीक शिट्टी. एक्स-रे मात्र स्वच्छ. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "खाताना कधी ठसका लागला होता का?" आईने सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई." पुन्हा विचारलं, पुन्हा न्हाई. सासूही म्हणाली, "छ्या, तसलं काय न्हाई, हवामानाचं हाय." मग सीटी स्कॅन करायचं ठरलं. सीटीत पोर हललं तर चित्र बिघडतं, म्हणून झोपेचं औषध द्यायला मला बोलावलं.

भूलतज्ज्ञाचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असतो. पोट रिकामं आहे ना, ते आम्हाला कळायला हवं. सासूबाई पैसे भरायला खिडकीपाशी गेल्या होत्या. मी कागद भरता भरता त्या आईला विचारलं, "शेवटचं काय खाल्लं त्यानं? कधी?"

ती म्हणाली, "आजचं इचारताय का त्या दिवसाचं?"

मी पेन खाली ठेवलं.

मग तिने सगळं सांगितलं. बियाण्यासाठी ती शेंगा फोडत बसली होती. सूप पुढ्यात, पोर शेजारी रांगत. फोन वाजला म्हणून ती उठली, परत आली तर पोराला ठसका लागलेला, तोंड काळंनिळं. तिने पाठीत थापा मारल्या. खोकून खोकून ते थांबलं आणि सुपाशी पुन्हा खेळायला लागलं. "ब्येस खेळाय लागलं ओ. मला वाटलं, गिळलं." आणि मग हळूच, "आत्याबाईंना सांगू नका. म्हणतील, ध्यान कुठं व्हतं तुझं."

ते 'ब्येस खेळाय लागलं' आहे ना, तेच सगळ्यांना फसवतं. दाणा जोवर सरकत असतो तोवर शरीर झगडतं, खोकतं. एकदा खालच्या नळीत जाऊन बसला की खोकल्याची उबळ थकते. पोर शांत होतं, दूध पितं, हसतं. ही शांतता काही तास टिकते, कधी काही आठवडे. मग ताप, कफ, शिट्टी, न्यूमोनिया सुरू होतो, आणि तोवर तो ठसका कुणाच्याच हिशेबात राहिलेला नसतो. डॉक्टरपुढे खोकणारं पोर असतं आणि दाराबाहेर खोकणाऱ्या पोरांची रांग असते. त्यातल्या एकाच्या छातीत दाणा आहे हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? म्हणून 'बाळदमा' लिहिणाऱ्यावर मी पूर्वी चिडायची तशी आता चिडत नाही. थोडी चिडते, कारण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. पण प्रश्न विचारूनही खोटं उत्तर येतं, हे मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं.

दाणा दुसऱ्या दिवशी निघाला. तपकिरी, भिजून लिबलिबीत झालेला, चार तुकड्यांत. ट्रे दाखवला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "ह्यो कसा गेला आत?" मी म्हटलं, "रांगतं पोर आहे, त्याला कुठेही दाणा सापडतो." त्या बराच वेळ ट्रेकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "म्या बी चिवडा दिलता त्याला. त्याच आठवड्यात." तीन आठवडे दोघी एका चुलीपुढे बसत होत्या, आणि दोघीही एकमेकींच्या धाकाने गप्प होत्या.

त्याच्या उलट रायबागकडचे एक आजोबा. धोतर, टोपी, मराठी मोडकंतोडकं. नातवाला कडेवर घेऊन अपघात विभागात आले आणि कुणी काही विचारायच्या आत रुमालाची गाठ सोडून टेबलावर मूठभर दाणे ओतले. "शेंगा," एवढंच म्हणाले. उत्तर कर्नाटकात शेंगदाण्याला शेंगाच म्हणतात. दुभाष्याची गरजच पडली नाही. मग हाताने खूण केली: हे मी दिले, माझ्या हाताने, मघाशी. त्यांना कुणी रागावलं नाही, कारण स्वतःवर सगळा राग त्यांनी येतानाच काढून घेतला होता. दुपारच्या आत दाणा बाहेर होता, ताजा, अख्खी पाकळी. संध्याकाळी पोर दूध पीत होतं. येतानाच ती फसवी शांतता सुरू झाली होती तरी आजोबा तिला फसले नाहीत. पोर हसायला लागलं म्हणून वाटेतून परत फिरले नाहीत.

"तुझं लक्ष कुठे होतं?" हे वाक्य आमच्या अपघात विभागाच्या दारात जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. ते कायम बाईलाच विचारलं जातं. बाप फाईल धरून उभा असतो, त्याचं लक्ष कुठे होतं हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या एका वाक्याने पोरांच्या छातीतले दाणे आठवडेच्या आठवडे लपवलेत. बाळ एका निमिषात तोंडात काहीतरी घालतं. चार डोळ्यांनी पहारा दिला तरी घालतं. तेव्हा त्या बाईला दोषी ठरवून मिळतं काय? तिच्याकडे असलेली एकुलती एक माहिती तेवढी आपण गमावतो.

मी हे ऐटीत सांगते आहे, पण माझ्या घरची गोष्ट ऐका. मुलगा तीन वर्षांचा होता. मी रात्रपाळी करून आले, पोहे केले आणि वाटीत घालून त्याच्या हातात दिले. अख्ख्या दाण्यांसकट. कालच कुणाच्या तरी छातीतून दाणा काढताना उभ्या असलेल्या बाईने. तो गादीवर उड्या मारत खात होता. ठसका लागला, डोळे मोठे झाले. मी धावले आणि ओरडले, "काय घातलंस तोंडात? काय होतं?" तो घाबरून म्हणाला, "काही नाही." खोकून मोकळा झाला होता, रडत होता, म्हणजे हवा जात होती. पण दाणा कुठे आहे? मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. पुन्हा "काही नाही." तो दिवस आणि ती रात्र मी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून काढली. दुसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा बदलताना आत चिकटलेली पाकळी सापडली. त्याने ती खोकून बाहेर काढली होती आणि आई रागावेल म्हणून अभ्र्यात दडवली होती. तीन वर्षांच्या मुलाला हे शिकवायला किती वेळ लागला असेल? दोन ओरडे.

त्या दिवसापासून आमच्याकडे पोह्यांत कूट. खरं तर आपल्या स्वयंपाकघराने याचं उत्तर केव्हाच काढून ठेवलंय. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत आपण कूटच घालतो. पौष्टिक म्हणून दाणा द्यायचाच असेल तर बारीक कूट करून लापशीत, भातात, वरणात मिसळा. सुकं चमच्याने भरवू नका, कोरडं कूटही ठसका आणतं. अख्खा दाणा, फुटाणे, काजू-बदाम, सुपारीचं खांड, मक्याच्या लाह्या हे चार-पाच वर्षांपर्यंत नाही. आमच्या भागात द्राक्षं मुबलक, आणि द्राक्षासारखी वाईट वस्तू नाही. गोल, गुळगुळीत, दाबली की घशाच्या आकाराची होणारी. ती उभी चिरून चार फाका करायच्या. आडवी कापली तर चकती पुन्हा गोलच राहते. गाजर, सफरचंद किसून किंवा वाफवून. सीताफळाच्या बिया मोठ्यांनी आधी काढायच्या, "थुंकून टाक हं" असं दोन वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. आणि काहीही बसवून भरवायचं. चिऊकाऊ दाखवत अंगणभर मागे पळून भरवलेला घास कुठल्या नळीत जाईल त्याचा नेम नसतो.

आपल्याकडे म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. म्हण म्हणून ठीक आहे. पण बाळाला औषध पाजताना काही घरांत ती शब्दशः पाळतात. नाक दाबलेलं बाळ तोंड उघडतं ते गिळायला नव्हे, श्वास घ्यायला. चमचाभर औषध मग थेट फुप्फुसाच्या वाटेला लागतं. बाळ रडत असताना, आडवं असताना पाजू नये. उचलून, डोकं वर धरून, गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडावं.

आता बोरन्हाण. हा विषय काढला की माझ्या माहेरी सगळे एकमेकांकडे बघतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पाटावर बसवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या ओतायच्या. भोवती वेचायला पोरांची झुंबड. इतका गोड सोहळा दुसरा नाही, मी स्वतः त्यात वाढले आहे. पण आमच्या थिएटरच्या यादीतल्या वस्तू क्रमाने लिहिल्या तर बोरन्हाणाच्या सुपातलं सामानच होतं, आणि आपण ते नेमक्या त्याच वयाच्या मुलाच्या डोक्यावर ओततो.

भाचीच्या मुलाचं बोरन्हाण होतं तेव्हा मी बोलले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला जिकडेतिकडे ऑपरेशनच दिसतं." खरंच आहे ते. थोडी कुरबुर झाली. मोठ्या काकूंनी शेवटी तोडगा काढला. बाळाच्या डोक्यावरून शेवंती आणि झेंडूच्या पाकळ्या घातल्या, वर बिस्किटांचे नि चॉकलेटचे बंद पुडे. बोरं-शेंगा-रेवड्या कागदी पिशव्यांत भरून मोठ्या मुलांना घरी जाताना दाराशी दिल्या. हलव्याचा हार फोटोपुरता घातला आणि लगेच काढला, कारण बाळ तो चोखायला लागलंच होतं. दोरा भिजला की हलव्याचे दाणे सुटतात. फोटोंत पाकळ्या फार छान आल्यात, हे वहिनी मान्य करते. चुकलं म्हणत नाही.

पिशव्या दाराशी दिल्या त्याला कारण आहे. बाळाच्या तोंडात दाणा घालणारा हात कित्येकदा मोठ्या भावाबहिणीचा असतो. चार-पाच वर्षांची तायडी आपल्या वाटणीतली रेवडी मायेने बाळाला भरवते. वाटून खा असं आपणच शिकवलेलं असतं. तिला 'बाळाला द्यायचं असेल तर आधी आईच्या हातात दे' एवढा नियम शिकवला की ती तो मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळते.

खाऊशिवायच्या वस्तूंचं थोडक्यात. मनगट्यांचे काळे मणी दोरा तुटला की सुटतात, आणि दृष्ट लागू नये म्हणून कपड्याला लावलेली सेफ्टी पिन उघडी सापडते. फुटलेल्या फुग्याचं रबर घशावर पडद्यासारखं बसतं, ते कशानेच सहज निघत नाही. वाढदिवस संपला की आधी तुकडे गोळा करा, मग केक कापलेल्या बशा. खेळण्यांना आपल्या देशात 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची झाली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक मापाच्या नळकांड्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास होतं. जत्रेतल्या पिपाण्यांना आणि भिंगऱ्यांना हे कायदे ठाऊक नाहीत. घरी सोपी खूण अशी की टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या हाताशी नको.

एका वस्तूसाठी मात्र थांबायला हवं: रिमोट, घड्याळ, गाणारी खेळणी यांतला चपटा बटण सेल. तो श्वास अडवत नाही, अन्ननलिकेत अडकतो, आणि ओल्या आवरणाला चिकटून दोन तासांत आतून भाजायला लागतो. एक्स-रेमध्ये नाण्यासारखा दिसतो, नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. नाणं कधी सकाळपर्यंत थांबू शकतं. सेल थांबत नाही. शंका आली तरी रात्री निघा.

आणि समोरच ठसका लागला तर? आपल्याकडे टाळूवर थोपटून "वर बघ, चिमणी बघ" म्हणतात. साध्या पाण्याच्या ठसक्याला ते चालून जातं. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, आवाज निघत असेल तर त्याला खोकू द्या. त्याच्यापाशी थांबा, पण पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणाने बोट फिरवू नका, दाणा आणखी खाली जातो. पाय धरून उलटं टांगू नका. आवाजच निघत नाही, खोकला फुटत नाही, ओठ निळे पडतायत, तर मात्र एक क्षण घालवायचा नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं, डोकं खाली झुकतं धरून, दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच ठोके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पुन्हा पाच, पुन्हा पाच. वर्षावरचं मूल असेल तर पुढे वाकवून पाठीत पाच ठोके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर झटका. 1974 साली हेन्री हाइमलिख या अमेरिकन सर्जनने ही पोटावरच्या झटक्याची रीत मांडली. वर्षाच्या आतल्या बाळाला ती कधीच करायची नाही, पोटातले अवयव दुखावतात. दुसऱ्या कुणालातरी 108 ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं तर छातीवर दाब देणं आणि श्वास देणं सुरू करावं लागतं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून शिकावं लागतं. ज्या गावात मंडळाकडे गणपतीच्या डॉल्बीसाठी पैसे आहेत तिथे अशा एका बाहुलीसाठीही असतील, असं मी दरवर्षी बोलते.

कारण माझ्या टेबलावर येतात ती नशीबवान मुलं. दाणा एका बाजूच्या नळीत उतरला म्हणून ती वाचली, मिरजेपर्यंत पोहोचली. ज्यांच्या मुख्य वाटेवरच बूच बसलं त्यांच्यासाठी मी काही करू शकत नाही. त्यांचा निकाल चार-पाच मिनिटांत, घरातच लागतो, आणि तेव्हा तिथे आई असते, आजी असते, अंगणवाडीतली ताई असते. मी नसते.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढंच मागणं आहे. खाताना, खेळताना मुलाला अचानक जोराचा ठसका लागला आणि नंतर ते कितीही छान खेळायला लागलं तरी छाती तपासून घ्या. महिन्याभराने खोकल्यासाठी दाखवायला गेलात तरी "त्या दिवशी ठसका लागला होता" हे वाक्य डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि सांगायला आलेली सून असेल, मोलकरीण असेल, पाच वर्षांची तायडी असेल, तर तिला आधी बोलू द्या.